दख्खनच्या सरमिसळ इतिहासावर पीएचडी करायची, तर आत्ताच्या वातावरणात कशी करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमए इतिहास झालेल्या एका मुलीला खुलताबाद, दौलताबाद, श्रीगोंदा या पट्ट्यातले संत, पीर, मठ, दर्गे आणि त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं यावर पीएचडी करायची आहे. घरचे म्हणतात नसती भानगड कशाला, गाईड म्हणतात सेफ विषय घे, मैत्रिणी म्हणतात असं काम झालंच पाहिजे म्हणजे समाजात एकोपा राहील. आणि शेवटी तिने असंही विचारलंय की जे स्वतः संशोधक नाहीत त्यांनी अशा कामाला आधार द्यायचा म्हणजे नक्की काय करायचं.

मी बरीच वर्षं मोडी कागद वाचतोय, विद्यार्थ्यांना या कामात घालतोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, घाईत असाल तर नंतर वाचा.

आधी सरळ उत्तर देतो. विषय बदलू नका. पण मैत्रिणी सांगतायत त्या कारणासाठीही करू नका. एकोपा सिद्ध करायला म्हणून जो आर्काइव्हमध्ये जातो त्याला एकोपाच सापडतो, आणि भांडण सिद्ध करायला जाणाऱ्याला भांडणच सापडतं, कारण कागद एवढे आहेत की दोघांनाही भरपूर मिळतं. पुण्याचं पेशवे दप्तर घ्या, कोट्यवधी कागद रुमालांमध्ये बांधून ठेवलेत, इतिहासकार सरदेसायांनी १९३० च्या दशकात त्यातून निवडून ४५ खंड काढले तरी तो सागरातला एक तांब्या आहे. त्यात काय शोधायला बसलात यावर काय मिळणार ते ठरतं. म्हणून प्रश्न असा घ्या की ज्याचं उत्तर तुम्हाला आज माहीत नाही. "इथे सगळे गुण्यागोविंदाने राहत होते का" हा प्रश्न नाही, तो सभेतला विषय झाला. "या दर्ग्याचं इनाम कुणी दिलं, पुढच्या सत्तेने चालू ठेवलं की काढून घेतलं, उत्पन्न कुणात वाटलं जायचं, भांडण झालं तर निवाडा कुणी केला" हे प्रश्न आहेत. यातून जे निघेल ते एकोप्याच्या भाषणापेक्षा जास्त टिकतं, कारण विरोधात बसलेला माणूसही तोच कागद उघडून बघू शकतो.

तुमचा पट्टा फार चांगला आहे म्हणून त्यावरच बोलतो. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून जे आंदोलन झालं, १७ तारखेला नागपुरात जी दंगल झाली, तेव्हापासून खुलताबाद म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच कबर येते. पण ती कबर ज्या दर्ग्याच्या आवारात आहे तो झैनुद्दीन शिराझींचा, शेजारी बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा, हे दोघेही चौदाव्या शतकातले सूफी, म्हणजे औरंगजेबाच्या तीनशे वर्षं आधीचे. त्याच गावात निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याची कबर आहे, ज्याने मुघलांना दख्खनमध्ये आयुष्यभर जेरीस आणलं आणि ज्याच्या फौजेत शहाजीराजांसारखे मराठे सरदार लढले. त्याच गावात भद्रा मारुती, जिथे पायी जाणारी माणसं तुम्हाला शनिवारी पहाटे रस्त्यावर दिसतात. पलीकडे पाच-सहा किलोमीटरवर वेरूळ, भोसल्यांचं गाव. दुसऱ्या बाजूला दौलताबाद म्हणजे देवगिरी, जिथे जनार्दनस्वामी किल्ल्यावर अधिकारी होते अशी परंपरा आहे आणि पैठणचा एकनाथ त्यांच्याकडे शिकायला आला. याच एकनाथांनी पुढे हिंदू आणि तुर्क यांचा वाद एका भारुडात घातला, आणि त्यात दोघं एकमेकांना अगदी तिखट बोलतात, गोड गोड काही नाही, शेवटी कुठे समजुतीला येतात. एवढं सगळं अर्ध्या दिवसाच्या प्रवासात बसतं. एका कबरीपुरतं हे गाव उरलं असेल तर ती बाकीच्या इतिहासाची हानी आहे, आणि ती भरून काढायचं काम संशोधकाचंच आहे, दुसरं कोण करणार?

आता श्रीगोंदा. शेख महंमद तिथले. "शेख महंमद अविंध, त्याचे हृदयी गोविंद" ही ओळ वारकऱ्यांच्या तोंडी आहे, अविंध म्हणजे मुसलमान. त्यांचे गुरू चांद बोधले, आणि परंपरा सांगते की जनार्दनस्वामींचाही चांद बोधल्यांशी गुरुसंबंध होता. मालोजीराजांनी शेख महंमदांना मानलं, मठाला जागा दिली, अशीही परंपरा आहे. मालोजींच्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ही नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसावरून ठेवली, हे बखरींत येतं. इथे थांबा आणि बघा की मी काय काय मिसळलं. शरीफजी नावाचा भाऊ होता, तो १६२४ च्या भातवडीच्या लढाईत पडला, हे इतिहासात पक्कं आहे. नवस ही नंतरच्या बखरींतली आठवण आहे. गुरुपरंपरेचं नातं हे संप्रदायाच्या सांगण्यातलं आहे. या तिन्ही गोष्टी थीसिसमध्ये एकाच सुरात लिहिल्या की तुम्ही संपलात, कारण ज्याला तुमचं काम पाडायचंय तो नवसावर बोट ठेवेल आणि म्हणेल, पुरावा दाखवा, आणि मग शरीफजीही त्याच झटक्यात खोटा ठरेल. प्रत्येक वाक्याला त्याचं वजन द्या. कागदात आहे, बखरीत आहे, मठात सांगतात, गावात सांगतात. आणि गावात सांगतात म्हणून ते कमी प्रतीचं असंही समजू नका, लोकांनी तीनशे वर्षं एखादी गोष्ट का जपली हा स्वतंत्र आणि मोठा प्रश्न आहे, फक्त त्याचं उत्तर वेगळ्या पद्धतीने शोधायचं असतं.

कागद प्रत्यक्ष कसा दिसतो ते सांगतो, कारण यातच अर्धं काम आहे. समजा पेशवाईतला एक साधा इनामाचा कागद तुमच्यासमोर आला. वर श्री, मग मोडीत मजकूर, एका दर्ग्याकडे ऊद, चिरागबत्ती, फुलं आणि उरुसाच्या खर्चासाठी जमीन पूर्वीपासून चालते ती पुढे चालू ठेवावी, असं मामलेदाराला कळवलेलं. खाली तारीख. ती अशी असेल, सीत सबैन मया व अलफ. म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार, शुहूर सन (दख्खनच्या दप्तरांत चालणारी कालगणना) ११७६, त्यात ५९९ मिळवले की १७७५-७६ साल येतं. पुढे "छ" लिहून चंद्राची तारीख आणि महिना रजब किंवा साबान. लिहिणारा कारकून बहुतेक ब्राह्मण, देणारं सरकार पेशव्यांचं, आकडे अरबी, महिना हिजरी, साल सुरू होतं ते मृगाला, शेतीच्या हिशोबाने, भाषा मराठी. त्या कारकुनाला यात काही वेगळं वाटत नव्हतं, ही त्याची रोजची ऑफिसची पद्धत होती. आता एवढ्यावरून पेशवे सर्वधर्मसमभावी होते असं लिहू नका, आणि ते सगळं नुसतं राजकारण होतं असंही लिहू नका. पूर्वीचं इनाम चालू ठेवणं ही राज्य चालवायची रीत होती, जमीन पडीक राहू नये, लोक बिथरू नयेत, वसूल यावा. असा एक कागद सुटा ठेवून बोलता येत नाही. त्याच दर्ग्याचा आधीचा फारसी कागद, नंतर इंग्रजांनी इनामं तपासायला नेमलेल्या इनाम कमिशनचा कागद, आणि आजचा सातबारा, असे चार ओळीने लावले की मग तो बोलायला लागतो.

म्हणून मोडी शिका आणि फारसीची निदान ओळख करून घ्या, उर्दू तर लवकर येते. मोडीचे वर्ग सरकारी पुराभिलेख खात्याकडून आणि बऱ्याच संस्थांकडून चालतात, तीन-चार महिने रोज तासभर दिला की छापील वळण वाचता येतं, घाईतलं हस्ताक्षर वाचायला मात्र वर्ष-दोन वर्षं जातात. फारसीचं अवघड आहे, शिकवणारे कमी राहिलेत. पण एकट्याने सगळं करायची सक्ती नाही. मोडी वाचणारा आणि फारसी वाचणारा असे दोघं शेजारी बसले की आदिलशाही-निजामशाहीचे दुभाषी कागद, म्हणजे वर फारसी आणि खाली मराठी असलेले, फार छान सुटतात, माझ्या पाहण्यात सगळ्यात चांगलं काम अशा जोड्यांनीच केलंय. आणि खरं सांगतो, आठवडाभर एका कागदावर डोकं लावून बसलेले दोन भिन्न घरातले विद्यार्थी एकमेकांना जे ओळखतात ते कुठल्याही सद्भावना कार्यक्रमात होत नाही.

कुणी म्हणेल ह्या लिप्या शिकून पोट भरतं का. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हा तहसील कचेऱ्यांमध्ये मोडी आणि उर्दू वाचणारे शोधत फिरायची वेळ आली, निजामाच्या काळातल्या नोंदी काही उर्दूत, काही मोडीत, आणि वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर. समिती हैदराबादपर्यंत गेली. ज्या ज्ञानाला चाळीस वर्षं कुणी विचारलं नाही त्यावर लाखो घरांचे दाखले अवलंबून राहिले. मानव्यविद्या कशाला हव्यात असं विचारणाऱ्याला मी हे उदाहरण देतो, दुसरं लागत नाही.

आता तुमच्या घरच्यांच्या भीतीबद्दल. भीती खोटी नाही, ती उडवून लावू नका. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, कपाटं पाडली, पुस्तकं-पोथ्या फेकल्या, कार्ड कॅटलॉग विस्कटले, तसबिरी फोडल्या. जिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती जवळजवळ पन्नास वर्षं खपून तयार झाली ती ही जागा. कारण काय, तर एका अमेरिकन अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात एक अत्यंत आक्षेपार्ह वाक्य होतं आणि त्याने ऋणनिर्देशात इथल्या अभ्यासकांचे, संस्थेचे आभार मानले होते. ते वाक्य इथल्या कुणी लिहिलेलं नव्हतं. त्याआधी एका ज्येष्ठ संस्कृत पंडितांच्या तोंडाला काळं फासलं गेलं होतं, तेही आभाराच्या यादीत नाव आहे म्हणून. आणि ३० ऑगस्ट २०१५ ला धारवाडला कलबुर्गी सरांना त्यांच्या दारात गोळ्या घातल्या. ते शिलालेख आणि वचनसाहित्याचे अभ्यासक, आणि आदिलशाहीची फारसी साधनं कन्नडमध्ये आणायच्या कामात शेवटपर्यंत होते, म्हणजे अगदी तुमच्याच शेजारचं शेत. हे सगळं माहीत असूनच कामाला लागायचं.

या २००४ च्या घटनेतून मी विद्यार्थ्यांना एक अगदी साधी गोष्ट शिकवतो, ऋणनिर्देश छापायच्या आधी प्रत्येकाला विचारा. तुमचं नाव घालू का, कशासाठी घालतोय, शेवटचं प्रकरण तुम्ही वाचलंय का. गावातल्या मुजावराने, गुरवाने, वहिवाटदाराने तुम्हाला कागद दाखवले असतील तर त्यांचं नाव-गाव छापणं म्हणजे कधी कधी त्यांना अडचणीत घालणं असतं. कृतज्ञता व्यक्तिशः जाऊन सांगा, मिठाई घेऊन जा, छापलंच पाहिजे असं नाही.

आणखी एक, जे थोडं अवघड आहे. त्या हल्ल्याचं समर्थन कुठल्याही बाजूने होत नाही, पण त्या रागात एक जुनं दुखणंही मिसळलेलं होतं, की ही दप्तरं, ह्या संस्था, ही विद्या पिढ्यानपिढ्या ठराविक घरांच्या हातात राहिली, आमच्या आजोबांना आतही घेतलं नसतं. हे दुखणं खरं आहे. जी संस्था आजूबाजूच्या समाजाला आपली वाटत नाही तिच्यासाठी संकटात समाज उभा राहत नाही. पुण्यात तेव्हा बरेच सामान्य लोक पोथ्या गोळा करायला, पुसायला धावून आले हेही तितकंच खरं, पण ते आधीपासून येत-जात असते तर चित्र वेगळं असतं असं मला मनापासून वाटतं. तुमच्या विषयालाही हे लागू आहे. फक्त हिंदू-मुस्लिम एवढ्याच चष्म्यातून बघाल तर जात सुटेल. गावच्या महजरावर, म्हणजे गावसभेच्या निवाड्याच्या कागदावर, पाटलाची निशाणी नांगर असतो, खाली बलुतेदारांची नावं असतात, त्यात सुतार, लोहार, मुलाणा सगळे असतात, मुलाण्याला त्याचं बलुतं मिळायचं, हे वाचून आनंद होतो. पण त्याच गावात महाराला वेठ होती आणि देवळाच्या पायरीपाशी त्याची हद्द संपत होती. दर्ग्यात त्याला आत जाता येत होतं का, जात असेल तर किती आत, हा तुमच्या थीसिसमधला कदाचित सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ठरेल. सरमिसळ संस्कृती म्हणजे सगळे समान होते असं नाही.

गोव्याकडे बघितलं की हे अजून स्पष्ट होतं. फादर स्टीफन्स १५७९ ला गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि १६१६ ला रायतूरला ख्रिस्तपुराण छापलं, दहा हजारांच्या वर ओव्या, ज्ञानेश्वरी-नामदेवांच्या वळणाची मराठी, आणि आत बायबल. वाचताना अंगावर काटा येतो एवढी सुंदर. आणि त्याच पोर्तुगीज सत्तेखाली १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, देवळं पाडली गेली होती, १६८४ ला तर लोकांनी आपली भाषाच सोडावी असा फतवा निघाला. ह्या दोन्ही गोष्टी एकाच गोव्यातल्या आहेत. एक सांगून दुसरी लपवणारा संशोधक मग तो कुठल्याही बाजूचा असो, माझ्या लेखी काम अर्धवट टाकतो. बेने इस्राएल, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांनी १८८० पासून मुंबईत मराठीत कीर्तनं केली, आख्यान बायबलमधलं आणि बाज आपल्या हरदासांचा, पुढे त्यांची मंडळी इस्राएलला गेली तरी तिथे मायबोली नावाचं मराठी नियतकालिक चालवत राहिली. अशी कामं निवांतपणे, भांडणाच्या बाहेर करता येतात, आणि ज्यांना आत्ता वादग्रस्त जागांवर जायची हिंमत होत नाही त्यांनी इथून सुरुवात केली तरी चालेल, त्यात कमीपणा काही नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, मी वकील नाही पण एवढं प्रत्येक अभ्यासकाला माहीत हवं. पूर्वीच्या दंड संहितेतलं १५३ अ आणि २९५ अ आता १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत कलम १९६ आणि २९९ झालंय. गटांत तेढ पसरवणं, धर्मभावना मुद्दाम दुखावणं. यात हेतू महत्त्वाचा आणि लिखाण संपूर्ण वाचून बघायचं, एक वाक्य उपटून नाही, असं सुप्रीम कोर्टाने शिवाजी महाराजांवरच्या त्या वर सांगितलेल्या पुस्तकाच्या फौजदारी खटल्यात २००७ ला सांगितलं. त्या पुस्तकावर सरकारने घातलेली बंदी मुंबई हायकोर्टाने २००७ ला उठवली, सुप्रीम कोर्टाने २०१० ला ते कायम केलं. आणि लिखाणाचा परिणाम मोजायचा तो खंबीर, समंजस माणसाच्या मापाने, जागोजागी दुखावून घेणाऱ्याच्या मापाने नाही, हा निकष आपल्या नागपूरच्या हायकोर्टाने १९४६ ला घालून दिलाय, पुढे सुप्रीम कोर्टानेही मान्य केला. म्हणजे कायदा तुमच्या बाजूला बऱ्यापैकी आहे, पण तो पोचेपर्यंत वर्षं जातात. म्हणून नोंदवह्या, कागदांचे फोटो, परवानग्यांची पत्रं, कुठल्या दिवशी कुठला रुमाल बघितला, सगळं तारीखवार ठेवा आणि दोन ठिकाणी ठेवा.

फिल्डवर्कबद्दल मात्र जास्त सावध राहायला सांगेन. तुमच्या पट्ट्यात दोन नावांची ठिकाणं भेटतील, एकाच जागेला कुणी नाथ म्हणतं कुणी पीर म्हणतं. कल्याणजवळच्या हाजी मलंग किंवा मलंगगडाची वहिवाट पिढ्यानपिढ्या केतकर नावाच्या ब्राह्मण घराण्याकडे आहे आणि वादही चालू आहे, हे तर सगळ्यांना माहीतच आहे. अशा ठिकाणी जाऊन "मूळचं कुणाचं" हा प्रश्न विचारायचा नाही. एक तर ज्याला विचारलं तो लगेच सावध होतो, चेहरा बदलतो, आणि दुसरं म्हणजे तुम्ही जे लिहाल ते उद्या कोर्टात, धर्मादाय आयुक्तांकडे, वक्फच्या सुनावणीत कुणीतरी पुरावा म्हणून नेऊन ठेवेल. देवस्थान इनाम वर्ग ३ च्या, म्हणजे देवस्थानांना इनाम दिलेल्या, जमिनी आहेत, आज त्यांना शहराचा भाव आलाय, बऱ्याच भांडणांच्या मुळाशी धर्माच्या आधी ती जमीन असते हे सातबारा बघितल्याशिवाय कळत नाही. माझी एक विद्यार्थिनी अशाच एका ठिकाणी गेली होती, पहिल्या भेटीत तिने मूळचा प्रश्न विचारला आणि सगळे गप्प. पुढच्या वेळी तिने विचारलं की दिव्याला तेल कुणाच्या घरून येतं. झालं, दुपारपर्यंत माणसं बोलत होती, तेल तेल्याच्या अमुक घराचं, मिरवणुकीची काठी अमुक आळीची, संदलचा (उरुसात चंदन वाहण्याचा) पहिला मान पाटलाचा, नारळाची अर्धी वाटी गुरवाला आणि अर्धी मुजावराला, आणि मध्ये एक साल असं गेलं की भांडण झालं आणि काठी निघालीच नाही, ते कसं मिटलं. मान, तेल, काठी, नारळ यांच्या वाटणीत नातं दिसतं, आणि तणावही तिथेच दिसतो. दोन्ही बाजूंनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा, निकाल देऊ नका. आणि वादातल्या जागेचे फोटो, कागदाचे फोटो सोशल मीडियावर टाकू नका, थीसिस जमा व्हायच्या आधी तर नाहीच. कागद दाखवणाऱ्याला स्कॅनची चांगली प्रत परत द्या, त्याच्या घराचा तो ठेवा आहे.

विषयाच्या नावाबद्दल. "हिंदू-मुस्लिम ऐक्य, एक अभ्यास" असं नाव समितीपुढे नेऊ नका, ते कुणाला आवडलं नाही तरी पडेल आणि आवडलं तरी ढिसाळ आहे. जागा, काळ आणि साधन, तिन्ही नावात यायला हवं. उदाहरणार्थ दौलताबाद आणि खुलताबाद परिसरातील धार्मिक इनामे, १७२४ ते १८५०, मोडी आणि फारसी कागदांच्या आधारे. यात लपवाछपवी नाही, उलट तुम्ही नक्की काय करणार ते यातच प्रामाणिकपणे येतं. गाईड जेव्हा सेफ विषय घे म्हणतात तेव्हा बहुतेकदा त्यांना एवढंच हवं असतं की समितीत आपल्याला प्रत्येक शब्दाचं उत्तर देता यावं. असं नाव नेलंत तर बरेच गाईड तयार होतात. तरीही नाही म्हणाले तर त्यांच्यावर चिडू नका, दुसरे शोधा.

पैशांचं काय. इथे वाईट बातमी आहे ती सांगतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशात शिकायला जी राष्ट्रीय शिष्यवृत्ती मिळते तिच्यात २०२२ ला अट आली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास, इथला समाज या विषयांवरच्या संशोधनाला ती मिळणार नाही. म्हणजे ज्या मुलांच्या घरात पहिल्यांदा कुणी एवढं शिकतंय त्यांनी स्वतःच्या समाजाचा इतिहास बाहेर जाऊन लिहायचा रस्ता बंद. मला याचं फार वाईट वाटतं आणि यावर सगळ्यांनी बोलायला हवं. उरलं काय, तर नेट परीक्षा देऊन जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप), जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,०००, शिवाय बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप, ज्याला जी लागू असेल ती. जाहिराती वेळेवर निघत नाहीत, पैसे अडकतात, त्यामुळे एका फेलोशिपच्या भरवशावर घर भाड्याने घेऊ नका. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवत पीएचडी करणारी मुलं मी पाहतो, तासिकेचे पैसे सहा-सहा महिने येत नाहीत, त्यांच्या जिद्दीला सलाम, पण शक्य असेल तर आधी जेआरएफच काढा.

मग शेवटचा प्रश्न, बाकीच्यांनी काय करायचं. हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

एक तर घरातले कागद. महाराष्ट्रातल्या कितीतरी वाड्यांत, देशमुख-कुलकर्णी-काझी-मुल्ला यांच्या घरात माळ्यावर रुमाल पडलेत, वाळवी खातेय. रद्दीत घालू नका, लॅमिनेट तर चुकूनही करू नका, मोबाईलने उजेडात सरळ फोटो काढा, आणि जवळच्या इतिहासाच्या प्राध्यापकाला किंवा भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला दाखवा. मंडळ इतिहासकार राजवाड्यांनी १९१० ला काढलं तेव्हा स्वतः राजवाडे गावोगाव फिरून असेच कागद मिळवत होते. दुसरं, गावच्या वाचनालयात, गणपतीच्या व्याख्यानमालेत, उरुसात, जयंतीला, जिथे वक्ता बोलावता तिथे एखाद्या वर्षी चाळिशीच्या आतला संशोधक बोलवा, त्याला प्रवासखर्च आणि मानधन वेळेवर द्या, प्रश्न कडक विचारा पण त्याला शेवटपर्यंत बोलू द्या. गावातल्या लोकांनी एखाद्या अभ्यासकाला प्रत्यक्ष ऐकलेलं असलं, त्याच्या हातातला कागद बघितलेला असला, की नंतर कुणी येऊन त्याच्याबद्दल काही भडकवलं तर निदान पाच जण म्हणतात, अरे थांब, तो असं बोलला नव्हता. संशोधकाचं खरं संरक्षण मला तरी यातच दिसतं.

आणि संशोधकांनी मराठीत लिहावं. तुम्हीही. थीसिस इंग्रजीत असला तरी प्रत्येक प्रकरणातून एक लेख मराठीत काढा, दिवाळी अंकात, जिल्ह्याच्या पेपरच्या रविवार पुरवणीत, मूळ कागदाचा फोटो आणि त्याखाली देवनागरीत लिप्यंतर देऊन, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः पडताळता येईल. आपण मराठीत लिहीत नाही तेव्हा ती जागा व्हॉट्सअॅप फॉरवर्ड भरून काढतात, आणि मग वीस ओळींच्या मेसेजला उत्तर द्यायला आपल्याकडे फक्त तीनशे पानांचा इंग्रजी प्रबंध असतो जो कुणीच उघडत नाही. लेख छापायच्या आधी ज्या गावाबद्दल आहे त्या गावातल्या दोन-चार जणांना वाचून दाखवा, दोन्हीकडच्या. त्यांचं सगळं ऐकायलाच हवं असं नाही, पण चूक असेल तर तिथेच कळते आणि मत वेगळं असेल तर तेही टीप म्हणून घालता येतं.

आत्ता लगेच करण्यासारखं म्हणाल तर जूनच्या आधी मोडीच्या वर्गाला नाव घाला, खुलताबादचं जुनं गॅझेटियर वाचून काढा, आणि पावसाळा संपल्यावर एकदा तिकडे नुसतं फिरून या, वही न काढता, बरोबर कुणी स्थानिक ओळखीचं असलं तर बरं. गाईडना भेटायला जाल तेव्हा वर दिलं तसं नाव आणि पाच कागदांची यादी घेऊन जा, तिथून पुढे काही अडलं तर इथेच विचारा, कागदाचा फोटो टाकायचा असेल तर मालकाचं नाव झाकून टाका, मी आणि इथले बाकीचे मोडीवाले मिळून वाचून देऊ.